नारळी पुनवेनंतरचा अर्ज

वेळ चुकवणारा माणूस अशी माझ्या बाची ख्याती कधीच नव्हती. वसईच्या पाचूबंदरात आमच्या आळीत बा होडीकडे निघालेला दिसला, की बायका चुलीवरचं भांडं उतरवायच्या. खाडीत भरती लागली हे त्यांना वेगळं बघावं लागायचं नाही. घरात घड्याळ नव्हतं, अक्षराशी बाची ओळख नव्हती, पण तिथ्या बोटांच्या पेरांवर होत्या. अष्टमीला भांगाचं कमी पाणी, अवस-पुनवेला उधाण, कुठल्या तिथीला दिवस कुठवर आला की खाडीत पाणी शिरणार, हे विचारायला दुसऱ्या आळीतले होड्यांचे तांडेलसुद्धा त्याच्याकडे यायचे. हे मी आधीच सांगून टाकते. कारण पुढची हकिकत ऐकली की लोक हमखास म्हणतात, "अडाणी माणूस, केला असेल उशीर." असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. उभा जन्म मी मास्तरकी केली. शिकलेली, मनगटाला घड्याळ बांधलेली आणि रोज उशिरा येणारी माणसं मी ढिगानं पाहिली आहेत.

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही बाय म्हणायचो. स्वराज्य येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा ती सातवीची फायनल पास झाली. त्याआधी आमच्या आळीत कुठली मुलगी इतकी शिकलीच नव्हती. चौथी झाली की मुलीच्या डोक्यावर मासळीची टोपली यायची आणि शिक्षण संपायचं. बायचं संपलं नाही, याला कारण बाच. संध्याकाळी तो ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसायचा आणि बाय शेजारी बसून मोठ्यानं धडे वाचायची. इतिहास असो, भूगोल असो, त्याला सगळं सारखंच गोड लागायचं. गंगेला कुठकुठल्या नद्या मिळतात ते ऐकून एकदा त्यानं विचारलं, "आनि त्यात मासली कोनती गावते, ता नाय लिवलेला?" बाय हसून हसून लोळली. बाचं म्हणणं मात्र खरं होतं. ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

निकाल लागल्यावर गावच्या शाळेचे मास्तर घरी आले. ते घाटावरचे. आमच्याकडे पाणीसुद्धा बिचकत प्यायचे, पण मुलांवर त्यांचा जीव होता. ओट्यावर टेकून ते बाला म्हणाले, "हिला ट्रेनिंग कॉलेजात पाठवा. नवं सरकार मुलींच्या शाळा काढतंय, पण शिकवायला बाया मिळत नाहीत. राहण्याजेवणाची सोय आहे, वर विद्यावेतन आहे. ही मास्तरीण होऊन परत येईल."

बानं हातातलं जाळं खाली ठेवलं. "सरकार जेवू घालनार, आनि वर पैसं देनार?"

मास्तर हसले. अर्ज मात्र वेळेत करावा लागतो, म्हणाले. त्याची नोटीस पावसाळ्यात निघते. ती निघाली की मी स्वतः येऊन सांगेन, असा शब्दही त्यांनी दिला. इतकं ते सोपं होतं. मास्तर येऊन सांगणार होते, बा अर्ज देणार होता, आणि बाय जाणार होती.

जून लागला आणि मास्तरांची बदली झाली, तिकडे जव्हारच्या बाजूला. सरकारी हुकूम; गाशा गुंडाळून बिचारे निघून गेले. त्यांच्या जागी जे आले त्यांना बाय ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, कारण ती शाळेतून बाहेर पडली होती. शाळेतल्या मुलांची नावं हजेरीत असतात. शाळा संपवून पुढं जाऊ बघणाऱ्या मुलीचं नाव कुठंच नसतं.

आता विचारायचं कोणाला? आज हा प्रश्न बावळटपणाचा वाटेल. शाळाखात्याची कचेरी वसईगावात, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. माझी आय रोज टोपली घेऊन तिच्यावरूनच बाजारात जायची. पण कचेरी जवळ असणं वेगळं आणि तिच्यात शिरता येणं वेगळं. बा लग्नाकार्यातला सदरा घालून तिथं गेला. कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "अजून काही आलेलं नाही. आत्तापासून कशाला गर्दी करता?"

"मंग कवा येऊ, सायेब?"

"निघेल तेव्हा निघेल. रोज येऊन तेच ते विचारायचं नाही."

कारकुनाच्या दृष्टीनं हे रोजचं बोलणं. दिवसातून दहा जणांना तो हेच सांगत असेल. पण बानं ते वेदवाक्य मानलं. पाणी चढायच्या आधी होडी लोटली तर ती चिखलात रुतते, आणि रुतली तर दोष चिखलाचा नसतो, लोटणाऱ्याचा असतो. वेळेआधी जायचं नाही आणि वेळेनंतर जायचं नाही, हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. त्याला फक्त वेळ कोणती ते हवं होतं.

तेव्हा आम्हाला मावशी आठवली. आमच्या कुडाला लागून ख्रिस्ती कोळ्यांचं घर होतं, आणि तिथल्या बाईला आम्ही सगळी पोरं मावशी म्हणायचो. तिची मुलगी आदल्याच साली ट्रेनिंगला गेली होती. तिचा अर्ज चर्चमधल्या फादरनी लिहिला होता आणि फादरनीच कचेरीत पोचवला होता. त्यांच्याकडे फादर होते. आमच्याकडे देवी होती. ती नवसाला पावायची, पण अर्ज लिहायची नाही. मावशी म्हणाली, "चल, बायला फादरकडं घेऊन जाते." बा संकोचला. आपला देव वेगळा, त्यांच्या देवळात आपण कधी पायरी चढलो नाही, आणि आता गरज पडली म्हणून जायचं, हे त्याला रुचेना. मग आयनं विचारलं, "अगो, निदान तुमी कवा गेलेलात ता तरी सांग."

मावशीनं आठवून सांगितलं, "तुमची नारली पुनव जाली ना, तवा. तुमचा नारल दर्यात गेला, आनि पाठोपाठ आमचा अर्ज गेला."

आमच्या आळीची एक रीत होती, ती इथं सांगायला हवी. दुसऱ्याशी बोलताना दुसऱ्याच्या सणानं बोलायचं. मावशीच्या घरात ही गोष्ट 'मायेच्या सणाच्या आधी' अशीच लक्षात असणार. मरियामायेचा तो सण ऑगस्टच्या मध्यावर येतो, दरवर्षी त्याच तारखेला. तो कधी हलत नाही. आदल्या साली नारळी पुनव आणि मायेचा सण पाठोपाठ आले होते. तिनं आमच्या सोयीसाठी आमचा सण सांगितला, इतकंच. आम्हीही त्यांना सांगताना 'तुमच्या उपासाच्या दिवसांत', 'तुमच्या नाताळाच्या तोंडावर' असंच सांगायचो. इतक्या मायेनं कोणी कोणाला चुकीची वेळ सांगितली नसेल.

आणि त्या साली अधिक आषाढ आला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो आमच्या दारात खराच येऊन बसला. होड्या झावळ्यांखाली झाकून पडलेल्या, दर्या बंद, सुक्या बोंबलांचं मडकं तळाला गेलेलं, आणि पावसाळा काही सरेना. नारळी पुनव गेली थेट ऑगस्टच्या अखेरीला. बाला हे कळत नव्हतं असं नाही. अधिक महिना शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. पण अधिक महिन्यात सगळंच पुढं जातं. गणपती पुढं जातो, दसरा-दिवाळी पुढं जाते, इतकंच काय, सरकारी शाळेची दिवाळीची सुट्टीसुद्धा पुढं जाते. मग सरकारचा एक अर्ज तेवढा जागचा हलणार नाही, हे कोणाला सुचावं? बायलाही सुचलं नाही. ती सातवी पास होती, पण वाढली होती त्याच घरात.

ते दिवस ती फार आनंदात होती, म्हणून ते दिवस मला आठवायला नको वाटतात. तिनं अर्ज लिहून ठेवला होता. कॉलेजात न्यायला जुन्या लुगड्याची पिशवी शिवली होती. आळीतल्या बायका तिला चिडवायच्या, "मास्तरीनबाय, जाताना आमच्या बोंबलांना पन दोन अक्षरां शिकवून जा." ती लाजायची, आणि बा लांबून ऐकत मिशीत हसायचा. तिच्यासाठी एक स्थळ चालून आलं होतं, गावातलंच, चांगलं होडीवालं घर. बानं त्यांना सांगितलं, "पोरगी शिकायला जानार हाय." आमच्या आळीत असं वाक्य तोवर कोणा बापानं उच्चारलं नव्हतं.

मायेचा सण आला. त्याच दिवशी शाळेत झेंडावंदन होतं. आम्हाला खडीसाखर मिळाली आणि ती पावसात भिजून मुठीतच विरघळली. दुपारी मावशी केळीच्या पानात झाकून फुगे घेऊन आली. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल गोल वडे, बाहेरून कडक आणि आत मऊ. पान आयच्या हातात देऊन ती बायकडे बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत कौतुक होतं. पण ती काही बोलली नाही, काही विचारलं नाही.

का विचारलं नाही, हे कोळ्याच्या घरात वाढलेल्यालाच कळेल. होडीकडे निघालेल्या माणसाला 'कुठं चाललास' असं टोकायचं नसतं. टोकलं की गेलेली होडी रिकामी परत येते. तसंच हाती घेतलेल्या कामाबद्दल 'झालं का' म्हणून विचारायचं नसतं. विचारलं की काम मोडतं. हिंदू असो, ख्रिस्ती असो, दर्यावर जाणारी सगळी माणसं हे पाळायची. मावशीच्या हिशेबानं अर्ज सणाआधीच गेला होता. आता पोरीचं काम आपल्या तोंडानं मोडू नये, म्हणून ती ओठ मिटून हसत होती. एक शब्द ती बोलली असती तर आम्हाला कळलं असतं, आणि कळूनही उपयोग झाला नसता. मुदत आदल्या दिवशीच संपली होती. आम्ही सगळ्यांनी मिळून फुगे खाल्ले.

नोटीस निघाली होती. कचेरीच्या भिंतीवर ती कित्येक दिवस लागली होती आणि आय डोक्यावर टोपली घेऊन तिच्यासमोरून रोज जात-येत होती. शाळेतही एक प्रत आली होती. नव्या मास्तरांनी ती वाचली आणि आपल्याकडे अशी मुलगी नाही म्हणून खणात ठेवली. हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. या हकिकतीत चुकलेला माणूस कोण, हे शोधायला मी किती वेळा बसले असेन. सापडत नाही. सापडला असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

नारळी पुनवेला बानं नारळ दर्याला दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बायला घेऊन निघाला. मीही हट्टानं मागोमाग गेले. कारकून तोच होता. बायनं अर्ज पुढं केला. त्यानं वरची ओळ वाचली आणि म्हणाला, "याची मुदत केव्हाच संपली."

बाला वाटलं, त्याची काहीतरी गल्लत होतेय. तो समजावून सांगायला लागला, "नाय सायेब, पुनव कालच जाली."

"कसली पुनव?"

"नारली पुनव. गेल्या साली पुनवेच्या पाठी अर्ज घेतलेलात ना तुमी? शेजारच्या पोरीचा."

कारकुनानं चष्मा काढला. तो वाईट माणूस नव्हता. "अरे बाबा, सरकार तारखेनं चालतं. तिथीनं नाही."

बानं हात जोडले. मग त्यानं विचारलं, "मंग शालंची दिवालीची सुट्टी?"

कारकून चष्मा पुसायला लागला. "ते वेगळं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी जूनपासून येऊन चौकशी करत जा."

"जूनात आलतो, सायेब. तुमीच बोललात, रोज येव नको."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा बाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्याला काहीही आठवलं नाही, हे मलासुद्धा दिसलं. मग तो अर्जाकडे वळला, तो पूर्ण वाचला, म्हणाला, "अक्षर सुरेख आहे हो मुलीचं," आणि अर्ज परत केला. बायनं तो घेतला. बाचे हात अजून जोडलेलेच होते. बायनं त्याच्या कोपराला धरलं तेव्हा कुठं तो हलला.

परतताना बा इतका भरभर चालत होता की मला धावावं लागत होतं. बंदराशी आल्यावर तो थांबला. होड्यांवरच्या झावळ्या काढल्या होत्या, नवी निशाणं लागली होती, माणसं दर्यावर जायच्या तयारीत होती. बा म्हणाला, "बाय, माजी वेल चुकली."

"तुजी नाय चुकली, बा," बाय म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. मी मात्र रस्त्यावर बसकण मारून भोकाड पसरलं, कारण बा हरलेला मी कधी पाहिला नव्हता. वादळात होडीचं फाटकं शीड घेऊन आला होता तेव्हासुद्धा तो असा दिसला नव्हता.

संध्याकाळपर्यंत मावशीला कळलं. ती मागच्या दारानं आली, चुलीपाशी बसली आणि कपाळ बडवून घ्यायला लागली. "माज्या तोंडानं घात केलान गो पोरीचा. फुगे घेऊन आलेली मी, फुगे." बायनं तिचे दोन्ही हात धरून ठेवले. "तू नसतं सांगितलंस तर आमाला तेवढं पन कोन सांगनार होतं, मावशे?" तिचं म्हणणं खरं होतं. साऱ्या वसईत आम्हाला काहीतरी सांगणारी ती एकटीच होती.

पुढच्या वर्षी करू, असं बा म्हणाला होता. पण स्थळवाले थांबायला तयार नव्हते. बा आणि आय यांची चुलीपुढं धुसफूस चालायची. एका दिवशी आय म्हणाली, "आनकी एक साल पोरीला घरात ठेवली, आनि तवा पन कोनी नाय सांगितलं तर?" आयचाही राग करता येत नाही. फाल्गुनात बायचं लग्न झालं, गावातच, बंदराच्या पलीकडच्या टोकाला. शिवलेली पिशवी तिनं मला दिली. मी तिच्यात पाटी नेऊ लागले. मी मोठ्यानं धडा वाचायला बसले की बा उठायचा आणि होडी बघून येतो म्हणून निघून जायचा. त्यानं पुन्हा कधीच धडा ऐकला नाही.

बायच्या डोक्यावर टोपली आली ती आलीच. पण बाजारात जाताना ती रोज कचेरीपाशी थांबायची. टोपली बाहेर ठेवून भिंतीवरचा कागदन् कागद वाचायची. शिपाई मासळीचा वास येतो म्हणून हाकलायचा. ती जायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची. कुठला अर्ज केव्हा, त्याला कुठला दाखला, कोणाची सही, फी कोणाला माफ, हे सगळं तिला पाठ झालं. हळूहळू मुलींच्या आया तिच्या दारात यायला लागल्या, आमच्याही आणि ख्रिस्ती घरांतल्याही. ती प्रत्येकीला तारीख सांगायची, आणि ती तारीख तिच्याकडून परत वदवून घ्यायची. मी फायनल पास झाले तेव्हा माझा अर्ज तिनं नोटीस लागल्या दिवशीच कचेरीत देववला. स्वतः बरोबर आली आणि पोच घेतल्याशिवाय पायरी उतरली नाही. अशी मी ट्रेनिंगला गेले. तिच्या जागी गेले म्हणा ना. लोक म्हणायचे, एकीचं नाही तर दुसरीचं तरी झालं. मला ते कधी पटलं नाही. एकीचं झालं नाही ते नाहीच झालं.

मला पहिली नेमणूक मिळाली ती तुळिंजकडच्या एका शाळेत. तेव्हा तिथं भातशेती आणि चार घरं होती. पहिला आठवडा संपवून मी घरी आले आणि तशीच बायकडे गेले. ती अंगणात पाटावर बसून बोंबील चिरत होती, हातांना कोपरापर्यंत चिकटा आणि पाणी. धाकटं मूल पायाशी रांगत होतं. मला वाटलं ती पगार विचारेल, खोली कशी आहे विचारेल. तिनं ते काही विचारलं नाही. बराच वेळ चिरत राहिली, मग खाली बघतच म्हणाली, "तू वर्गात शिरलीस का पोरां उठून उभी रव्हतात?"

"हो."

"समदी?"

"सगळी."

"मंग तू काय बोलतेस?"

"बसा म्हणते."

तिचा हात थांबला. समोर अंगणात कोणी नव्हतं, बांबूच्या वलांडीवर बोंबील तेवढे वाळत होते. त्यांच्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "बसा." अगदी शुद्ध, पुस्तकातल्यासारखं. मग वाकून तिनं पुढचा बोंबील उचलला.